शेपूट घालणे

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वाक्प्रचार शिकवताना आम्ही एक सोय करून ठेवली आहे. अवयवांप्रमाणे त्यांचे गट पाडायचे: डोळ्यांचे, नाकाचे, हाताचे, पोटाचे. तासाच्या शेवटी, वर्ग पेंगू लागला की, माणसाला नसलेला अवयव घ्यायचा. शेपूट. वर्ग हसतो, जागा होतो आणि आपणहून सांगू लागतो. शेपूट घालणे. गोंडा घोळणे. हत्ती गेला नि शेपूट राहिले. मारुतीचे शेपूट. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. रत्नागिरीत आम्ही दोघे नवरा-बायको वेगवेगळ्या तुकड्यांना मराठी शिकवतो; पण ही यादी आमची सामाईक आहे आणि तिला वीस वर्षे होत आली. या यादीत शेपूट म्हणजे शेपूट असे कुठेच नाही, ते सगळीकडे भित्र्या, लाचार वा हटवादी माणसाचेच आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती मात्र गेल्या वर्षी, मृगाच्या तोंडावर, आणि तीही डुकरांच्या शेडमध्ये.

निमित्त एका माजी विद्यार्थ्याचे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने आमच्याकडे मराठी घेऊन बी. ए. केले. नंतर एक-दोन नोकऱ्या करून त्याने वराहपालनाचे प्रशिक्षण घेतले आणि आता लांज्याच्या बाजूला एका खाजगी फार्मवर तो देखरेखीचे काम करतो. (‘वराह’ हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी भेटतो, अवतारांच्या यादीत आणि कर्जाच्या अर्जात. मधल्या साऱ्या व्यवहाराला ‘डुक्कर’ पुरते.) त्याचा फोन आला. “मॅडम, एक पानाचं इंग्रजी आहे. मराठी करून हवंय. भिंतीवर लावायचंय.” पान आले. डुकरांच्या शेपटांची रोज तपासणी करून नोंद कशी ठेवावी, याचा तो तक्ता होता.

दाटीवाटीने कोंडलेली डुकरे एकमेकांची शेपटे चावतात, ही माहिती आम्हांला नवी होती. सुरुवात किरकोळ असते. एखादे डुक्कर शेजाऱ्याचे शेपूट नुसते तोंडात धरते, चघळते. एक दिवस रक्त येते. रक्त आले की कप्प्यातली बाकीचीही त्या शेपटाकडे वळतात आणि दोन-चार दिवसांत अनेक शेपटे तुटून जातात. जखमेतला संसर्ग पाठीच्या कण्यापर्यंत चढू शकतो. यावरचा जगभरचा रूढ उपाय सोपा आहे: पिल्लू काही दिवसांचे असतानाच शेपूट छाटून टाकायचे, बहुतेक वेळा भूल न देता.

आमच्या विद्यार्थ्याची अडचण इथेच होती. आदल्या पावसाळ्यात त्या फार्मवर बरीच शेपटे गेली होती. मालकांनी चिमटा आणून ठेवला होता आणि नव्या वेतांपासून छाटणी सुरू करायची, असे ठरले होते. याने हा एक पावसाळा मागून घेतला. कप्प्यांत गर्दी कमी करतो, पेंढा घालतो, रोज नोंद ठेवतो. दसऱ्यापर्यंत फरक दिसला नाही तर तुम्ही म्हणाल तसे. नोंद ठेवणार होत्या शेडमध्ये काम करणाऱ्या दोन बायका आणि एक पोरगा. त्यांना इंग्रजी येत नव्हते. तक्ता चुकीचा भरला गेला तर त्याच्या हातात मालकांपुढे ठेवायला काही उरणार नव्हते.

आम्ही हे काम मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले आणि शासकीय परिभाषेच्या परंपरेला शोभेल अशा थाटात पार पाडले. १९६२ च्या पदनाम कोशाची वर्गात यथेच्छ थट्टा करणारे आम्ही. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा आमच्या लेखणीतून काय उतरावे? शेपूट चावण्याला ‘पुच्छदंश’. छाटण्याला ‘पुच्छकर्तन’. डुकरांना उकरायला, चघळायला काही द्यावे, या कल्पनेला ‘परिसर-समृद्धीकरण’. मथळा ‘वराह-कल्याण दैनंदिन निरीक्षण पत्रक’. पान पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला. आम्हांला दुखवू नये अशा बेताने तो म्हणाला, “सर, तुम्ही दोघं एकदा इकडे या. कल्याण म्हटलं की आमच्या मावशींना मंडळ आठवतं.”

रविवारी गेलो. जांभ्याच्या सड्यावर दोन लांब शेड, वर पत्रा, खाली सिमेंटची जमीन, कमरेएवढ्या भिंतींनी पाडलेले कप्पे. डुकरे पांढरी, लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि त्यांचे संकर. वास असतोच, पण बाहेर उभे राहून कल्पिला होता तेवढा नाही. आम्हांला खरा धक्का बसला तो नजरेचा. रस्त्यावरून जाताना डुक्कर दिसते ते खाली मान घातलेले. इथे आम्ही भिंतीशी उभे राहिलो आणि कप्प्यातल्या साऱ्यांनी माना वर करून आमच्याकडे पाहिले, पाहतच राहिली. मग एकाने पुढे येऊन आमच्यापैकी एकीच्या ओढणीचे टोक तोंडात धरले. ओढले नाही, चावले नाही, नुसते धरून ठेवले. “काही नाही करत, मॅडम. त्याला तोंडाला चाळा हवाय,” विद्यार्थी म्हणाला.

चाळा! आमच्या ‘परिसर-समृद्धीकरणा’चे मराठी नाव इतके जवळ होते.

त्याने आणि मावशींनी आम्हांला जे दाखवले ते आम्ही आमच्या परीने सांगतो. डुकराचे नाक ही त्याची मुख्य इंद्रियसंपदा. त्या नाकाने जमीन उकरायची, मुळे काढायची, चावून पाहायची, पुढे जायचे, यात त्याचा दिवस जातो. एडिंबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास पाळीव डुकरांना झाडाझुडपांच्या, ओढ्याच्या मोकळ्या आवारात सोडून त्यांचे वर्तन नोंदवले. पिढ्यान्‌पिढ्या कोंडवाड्यात वाढलेली ही जनावरे तिथे दिवसाउजेडीचा निम्म्याहून अधिक वेळ चरण्या-उकरण्यात घालवताना आढळली. अशा जनावराला गुळगुळीत सिमेंटवर ठेवले आणि पोटभर खाणे पंधरा मिनिटांत समोर ओतले, तर उरलेल्या दिवसाचे त्याने काय करायचे? सबंध कप्प्यात हलणारी, मऊ, तोंडात धरता येईल अशी वस्तू एकच असते. शेजाऱ्याचे शेपूट.

कारण एवढे एकच नसते. गर्दी असते, गव्हाणीशी जागा अपुरी असते, खाण्यात काही उणे असते, आजार असतो, उकाडा असतो. कोकणात यात पावसाची भर. झड आत येऊ नये म्हणून ताडपत्र्या सोडतात, हवा कोंडते, मुताचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबू लागतो, आणि त्याच आठवड्यात शेपटे तुटू लागतात. मालकांचा समज असा की कप्प्यात एखादे चावरे डुक्कर असते, ते काढले की झाले. काही वेळा तसे काढावेही लागते. पण चावणारे नेहमी दांडगटच असते असे नाही; आणि ते काढल्यावर, कप्पा तसाच राहिला, तर दुसरे चावू लागते.

पहिल्या मसुद्यात, इंग्रजी पानाला धरून, आम्ही ‘दंशकर्ता (ओळख पटल्यास)’ असा रकाना ठेवला होता. विद्यार्थ्याने तो काढायला सांगितला. त्या जागी लिहिले, ‘आज काय कमी होते’. हा बदल त्याचा, आमचा नाही.

आता शेपटाविषयी. सुखात असलेल्या डुकराचे शेपूट वाकडे असते, पिळदार, वर वळलेले. ते सरळ होऊन खाली लोंबू लागले, किंवा मागच्या पायांत दाबून घेतले गेले, की समजायचे, कप्प्यात काही बिघडते आहे. जखम दिसण्याच्या आधी हे दिसते. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली कप्प्यांवर खोली मोजणारे कॅमेरे टांगून हेच यंत्राकडून ओळखून घेतले: चाव्यांची साथ येण्याआधीच्या दिवसांत खाली सोडलेल्या शेपटांचे प्रमाण वाढत जाते. लांज्यात कॅमेरा नव्हता, मावशी होत्या. दुसऱ्या शेडच्या चौथ्या कप्प्याशी त्या थांबल्या आणि कोपऱ्यातल्या एका डुकराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्यो बगा. शेपूट घातलान. ह्येला कोन तरी त्रास देताहा.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलेला वाक्प्रचार, अर्थ ‘भ्याडपणाने माघार घेणे’, वाक्यात उपयोग ‘शत्रू दिसताच सैनिकांनी शेपूट घातले’. मावशींच्या तोंडी त्यात निंदा नव्हती. त्यांनी जे दिसले ते सांगितले आणि लगेच कारण विचारले. आणि ज्या वाकडेपणावर आम्ही कुत्र्याची म्हण रचली, तोच इथे बरे असल्याचा पुरावा निघाला.

तक्ता त्या दुपारी, शेडच्या पायरीवर, पुन्हा लिहिला. शेपूट कसे आहे: वाकडे, सोडलेले, घातलेले. शेपटाला काय झाले: शाबूत, दात लागले, जखम, बांडे. ‘बांडा’ हा शब्द आम्ही सुचवला आणि ओळखीचा असेल की नाही या शंकेने थबकलो. मावशी म्हणाल्या, बांडा बैल असतो की. शेवटचा रकाना ‘काय दिले’: पेंढा, गोणपाट, सुंभ, सोडण. नारळाची सोडणे ही स्थानिक भर. डुकरे ती तासन्‌तास फोडत बसतात. मथळ्यात मात्र विद्यार्थ्याने ‘डुक्कर’ लिहू दिले नाही आणि ‘वराह’ही नको म्हणाला. नुसते ‘शेपट्या – रोजचे’ असे राहिले.

परतताना गाडीत आमच्यात थोडा वाद झाला. आमच्यापैकी एक जण जन्माने आणि सवयीने शाकाहारी. सात-आठ महिन्यांत ज्याचे मांस होऊन पुढे जायचे आहे, त्याच्या शेपटाची रोज विचारपूस करणे यात आत्मवंचना नाही काय, असा प्रश्न निघाला. आम्ही तो सोडवू शकलो नाही आणि सुटला असे इथे दाखवणारही नाही. मात्र त्या सात-आठ महिन्यांचा प्रत्येक दिवस ते जनावर प्रत्यक्ष जगते, यावर दुमत झाले नाही. रूथ हॅरिसन यांच्या १९६४ च्या ‘ॲनिमल मशीन्स’ या पुस्तकाने ब्रिटनमध्ये हाच प्रश्न उठवला. पुढच्या वर्षी ब्रॅम्बेल समितीने म्हटले, की पाळलेल्या जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. त्यातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ आली. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार शेपटांची सरसकट छाटणी निषिद्ध आहे. तरीही तिथल्या बहुतेक देशांत ती चालत आली. ती खरोखर थांबवून दाखवली ती स्वीडन आणि फिनलंड यांनी.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाच स्वातंत्र्ये २०१४ साली, जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांच्या खटल्यात, उद्‌धृत केली. त्या निकालपत्रात एक तपशील आहे, तो वाचून आम्ही थांबलो. बैल उधळावा म्हणून माणसे त्याचे शेपूट पिरगळतात आणि दातांनी चावतात, अशी नोंद त्यात आहे. (पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ते बदल ग्राह्य धरले, हेही सांगितले पाहिजे.) माणसांच्या त्या चावण्याला मात्र सिमेंटच्या जमिनीचे कारण देता येत नाही.

असो. खरे सांगायचे ते अजून राहिले आहे.

२०१४ साली नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. ‘उपरा’ आम्ही शिकवत होतोच. पुढच्या वर्षी महाविद्यालयाच्या सभागृहात हा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा ठेवावी, अशी कल्पना निघाली आणि ती आमचीच होती. चित्रपटात जब्याचे कुटुंब डुक्कर धरायला धावते आणि गाव कडेला उभे राहून हसते, तो भाग आला आणि आमचे सभागृहही हसले. सगळे नव्हे, पण पुरेसे. काळोखात मागच्या रांगेतून कुणीतरी उठून गेले, हे आम्हांला जाणवले होते. कोण, ते नंतर हजेरीवरून कळले. आम्ही त्या प्रसंगाचे फार सुंदर विवेचन केले, असे आम्हांला त्या दिवशी वाटले होते. पडद्यावरचे गाव आणि पडद्यासमोरचे गाव, वगैरे.

नंतर सर्वांना चित्रपटावर निबंध लिहायला सांगितला. या मुलाने पान-दीड पान लिहिले होते. चित्रपटाविषयी त्यात दोन ओळी. बाकी सारे डुक्कर कसे धरावे याविषयी: त्याच्या मागे धावू नये, मोकळी वाट दिसेल तिकडे ते आपणहून जाते, आडवी फळी धरून हळूहळू वळवावे, आरडाओरडा करू नये. भ्यालेले डुक्कर शेपूट सोडते, ते पाहणाऱ्यांना दिसत नाही, असेही एक वाक्य होते. त्या पानाखाली आमच्यापैकी एकाने लाल शाईने शेरा मारला: ‘विषय सोडून लिहिले आहे.’ कोणी, हे सांगण्यात अर्थ नाही. आम्ही पेपर निम्मे निम्मे वाटून घेतो. दुसऱ्यानेही तेच लिहिले असते.

प्रवेशअर्जावर वडिलांचा व्यवसाय त्याने ‘शेती’ लिहिला होता. घरी डुकरे होती, हे तीन वर्षांत आम्हांला कळले नाही, कारण कळावे असे त्याला वाटेल असे आम्ही काही केले नाही. तिसऱ्या वर्षी तो मागच्या बाकावर गेला, बोलेनासा झाला. त्याच्याबद्दल आम्ही स्टाफरूममध्ये ‘मुलगा बरा आहे, पण धीट नाही’ असे म्हटल्याचे आम्हांला पक्के आठवते. इथे एक तुलना सहज हाताशी येते आहे. ती आम्ही करणार नाही. त्या जातीच्या तुलना या मुलाच्या वाट्याला पुरेशा येऊन गेल्या आहेत.

त्या रविवारी पायरीवर तक्ता लिहिता लिहिता हा विषय त्यानेच काढला, अगदी सहज. “सर, तुमचा तो शेरा बरोबरच होता. विषय सोडूनच लिहिलं होतं मी. मला दुसरा विषय माहीतच नव्हता.” आणि हसला. आम्ही क्षमा मागितली. त्याने ती ऐकली न ऐकल्यासारखी केली आणि ‘सोडण’ला अनुस्वार असतो का, ते विचारले.

पावसाळा सरळ गेला नाही. आषाढात आठवडाभर झड लागली, ताडपत्र्या सोडाव्या लागल्या आणि चौथ्या कप्प्यातली दोन शेपटे गेली. मालकांनी मधला मार्ग काढला. पहिल्या शेडमधल्या एका डुकरिणीच्या पिल्लांची छाटली, शेजारच्या डुकरिणीच्या पिल्लांची ठेवली. दोन्ही कप्प्यांना पेंढा सारखाच द्यायचा, नोंद दोन्हींची ठेवायची. मालक वाईट माणूस नाहीत. पेंढा विकत घ्यावा लागतो, तो शेणमुतात मिसळून गटार तुंबवतो, ते साफ करायला माणूस लागतो, हे त्यांचे म्हणणे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. माल गोव्याकडे जातो. तिथे डुक्कर हा घराघरातला विषय, ‘अगोंदा गोवन’ ही स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदलेली आणि ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेत डुकरांवर काम चालते. पण वजनाचा भाव ठरवताना तिथला व्यापारीही शेपूट वाकडे होते की सरळ, ते विचारीत नाही.

नोंदीचे कागद दर शनिवारी आमच्या फोनवर येतात. आम्ही शुद्धलेखन सुधारत नाही, एवढे शिकलो. मावशींचे अक्षर मोठे, रकान्याबाहेर जाणारे. ‘चार नंबर. बारा शेपट्या. दहा वाकड्या, दोन सोडलेल्या. काय कमी – वारा. ताडपत्री वर केली, सोडण दिली.’ दुसऱ्या दिवशी, ‘अकरा वाकड्या.’ न छाटलेल्या पिल्लांच्या कप्प्यात भाद्रपदापर्यंत ‘दात लागले’ एकदा आले, ‘जखम’ एकदाही नाही.

छाटलेल्या पिल्लांच्या कप्प्याचा कागद बरेच दिवस कोराच यायचा. शेपटेच नाहीत, तर वाकडी कोणती नि सोडलेली कोणती? मालकांच्या दृष्टीने तो कप्पा निर्दोष होता. नवरात्रात आलेल्या कागदावर मात्र त्या कप्प्यासमोर, समासात, आडवे लिहिलेले आढळले: ‘तिघांचे कान चावलेत. कानाला रकाना नाय.’

खाली विद्यार्थ्याचा निरोप होता. मॅडम, तक्त्यात कानाचा रकाना वाढवायचाय, शब्द सुचवा. आम्ही कोश न उघडता त्याला कळवले, आधी मावशींना विचार.